पाण्याखालची माणसं, काठावरच्या बायका

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, पाणबुडीचं आम्हाला काय? इथं विहिरीला पाणी नाही आणि ह्या समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगायला बसल्या! पण जरा ऐकून घ्या. ह्या गोष्टीत एक खटला आहे, एक लपवलेला माणूस आहे, मुंबईहून निघालेली एक बोट आहे आणि आपल्या कऱ्हाडच्या यशवंतरावांचंही नाव आहे. वाट बघणाऱ्या बायका तर जागोजाग आहेत.

पाणबुडी हा शब्द आपल्याकडे जुना. तळ्यात डुबकी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या त्या लहान पक्ष्याला, टिबुकलीला, कितीतरी गावांत पाणबुडीच म्हणतात. लोखंडी पाणबुडीही तेच करते. ती बुडते कशी आणि परत वर येते कशी, हे समजायला बादलीभर पाणी आणि एक डबा पुरेल. डबा पालथा करून पाण्यात दाबा. आतली हवा अडकते, पाणी शिरत नाही, डबा वर ढकलला जातो. आता त्याच्या बुडाला, म्हणजे पालथा केल्यावर जी वरची बाजू होते तिला, एक भोक पाडा. हवा भोकातून निघून जाईल, खालून पाणी भरेल आणि डबा बुडेल. पाणबुडीच्या दोन्ही अंगांना असेच मोठे डबे असतात. वरची झाकणं उघडली की हवा जाते, पाणी भरतं, ती खाली जाते. वर यायचं असेल तेव्हा झाकणं बंद करून दाबून साठवलेली हवा त्या डब्यांत सोडतात. ती पाण्याला बाहेर रेटते. एवढंच तंत्र. बाकी सगळं यंत्र आणि माणसाची छाती.

ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी १९०१ साली पाण्यात उतरली. तिचं नाव ‘हॉलंड १’. तेव्हाच्या मोठमोठ्या आरमारी अधिकाऱ्यांना हे लपूनछपून लढणं मुळीच पसंत नव्हतं. मर्दानं समोरासमोर तोफा डागाव्यात, पाण्याखालून चोरासारखं काय यायचं, असा त्यांचा सूर. आपल्या गनिमी काव्याबद्दलही मोगल दरबारात असंच बोललं जात असणार! त्या सुरुवातीच्या पाणबुड्यांना पेट्रोलची इंजिनं होती. आत वाफ कोंडली तर माणसाला कळण्याआधी कळावं म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. उंदीर मलूल पडला की समजायचं, हवा बिघडली.

पहिल्या महायुद्धाचं फार सांगत नाही. १३ डिसेंबर १९१४ रोजी नॉर्मन होलब्रुक नावाचा तरुण अधिकारी ‘बी ११’ ही जुनी, लहानशी पाणबुडी घेऊन तुर्कस्तानच्या दार्दानेल्स खाडीत सुरुंगांच्या पाच रांगांखालून गेला, एक मोठी युद्धनौका बुडवली आणि परत आला. त्याला ब्रिटनचं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं. पाणबुडीवाल्याला मिळालेलं ते पहिलंच. गंमत अशी की ऑस्ट्रेलियात समुद्रापासून दूर एक गाव आहे, त्याचं नाव होतं जर्मनटन. जर्मनांशी युद्ध सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी ते बदलून होलब्रुक केलं. पुढं ऐंशी वर्षांनी त्या गावाला चौकात एक निकामी पाणबुडी मांडायची हौस आली, तेव्हा होलब्रुक यांच्या पत्नी गुंडुला यांनी एक लाख डॉलर दिले. ती आजही तिथं बागेत गवतावर ठेवलेली आहे.

त्याच युद्धात ३१ जानेवारी १९१८ च्या रात्री स्कॉटलंडजवळ ब्रिटिशांच्या पाणबुड्या आणि जहाजं अंधारात एकमेकांवरच आदळली. दोन पाणबुड्या बुडाल्या, शंभरावर माणसं गेली. आसपास शत्रूचं एकही जहाज नव्हतं. कितीतरी वर्षं ही गोष्ट सरकारनं गुलदस्त्यात ठेवली होती.

ही लपवाछपवी लक्षात ठेवा, कारण आता खटल्याची गोष्ट येते. आम्हाला विचाराल तर आजच्या सगळ्या भाषणात हीच गोष्ट आपल्या सर्वांत जवळची आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तीन महिने होते. १ जून १९३९. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गोदीत बांधलेली ‘थेटिस’ ही नवी कोरी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी निघाली. नेहमीचे खलाशी पन्नासच्या आसपास, पण त्या दिवशी आत १०३ माणसं होती. गोदीतले कामगार, इंजिनिअर, चाचणी बघायला आलेले अधिकारी, शिवाय जेवण वाढायला आलेली माणसंसुद्धा. दुपारी तिनं बुडी मारायला घेतली, तर ती नीट खाली जाईना. पुढच्या भागात काही पोकळ नळ्या असतात, ज्यांतून टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून जाणारा बॉम्ब सोडतात. त्या नळ्यांना दोन झाकणं, एक समुद्राच्या बाजूला, एक आतल्या बाजूला. दोन्ही एकाच वेळी उघडली तर संपलं. आतलं झाकण उघडण्याआधी नळीत पाणी आहे का हे बघायला एक बारीक भोक असतं. तोटी फिरवायची, भोकातून पाणी आलं तर झाकणाला हात लावायचा नाही.

पाचव्या नळीची तोटी फिरवली. पाणी आलं नाही. झाकण उघडलं, आणि समुद्र आत आला. नळीचं बाहेरचं झाकण उघडंच होतं. भोकातून पाणी का आलं नाही? तर रंगकाम करताना ते रंगानं बुजलं होतं आणि कोणी साफ केलं नव्हतं.

पाणबुडीचं नाक तळाला रुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शेपटी पाण्यावर दिसत होती. मदतीची जहाजं भोवती उभी होती. आत माणसं जिवंत होती. चौघं निसटायच्या कोठडीतून बाहेर येऊ शकले. उरलेल्या ९९ जणांचा जीव आतल्या कोंडलेल्या हवेनं गेला. दुपटीची माणसं, दुपटीचे श्वास. बर्कनहेडला गोदीच्या कचेरीबाहेर बायकांची गर्दी झाली होती. आधी सांगितलं सगळे सुखरूप येतील, मग सांगितलं थोडे येतील, मग काहीच सांगायला उरलं नाही.

आता पुढचं ऐका. मेलेल्या कामगारांच्या घरच्यांनी नुकसानभरपाईसाठी कोर्टात धाव घेतली. त्यांतल्या एका विधवेच्या, श्रीमती डंकन यांच्या, नावानं हा खटला ओळखला जातो. चूक कोणाची हे दाखवायला त्यांना पाणबुडीचे आराखडे, करारनामे, पाहणीचे कागद हवे होते. कागद गोदीच्या कंपनीकडे होते. नौदल खातं म्हणालं, हे कागद दाखवणं देशहिताचं नाही, द्यायचे नाहीत. १९४२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायासनानं निकाल दिला की, मंत्र्यानं असं म्हटलं म्हणजे झालं, कोर्टही ते कागद मागणार नाही. शेवटी १९४६ साली ठरलं की ह्या अपघाताची कायदेशीर जबाबदारी कोणावरच बसत नाही. ९९ माणसं गेली आणि दोषी कोण, तर बुजलेलं भोक!

तुम्ही म्हणाल, इंग्लंडातल्या विधवेचा खटला, आपला काय संबंध? संबंध असा की ह्या निकालाचा दाखला पुढं आपल्या देशातल्या कोर्टांतही दिला जाऊ लागला. सरकारनं ‘हा कागद गुप्त आहे’ म्हटलं की वकील ‘डंकन’चा निकाल काढायचे. खुद्द इंग्लंडात तो १९६८ साली बाजूला सारला गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७५ आणि १९८१ च्या गाजलेल्या निकालांत सांगितलं की लोकशाहीत सरकारी कारभाराची माहिती लोकांना असणं हाच नियम आणि लपवणं हा अपवाद. त्याच वाटेनं पुढं माहितीचा अधिकार आला, २००५ चा देशाचा कायदा झाला. आज तुमच्या बचत गटातली एखादी बाई रेशनच्या यादीसाठी दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करते, तेव्हा ती जे मागते तेच श्रीमती डंकन मागत होत्या. त्यांना मिळालं नाही.

आणि ‘थेटिस’चं काय झालं? तिला वर काढली, धुतली, दुरुस्त केली, नाव बदललं आणि ‘थंडरबोल्ट’ म्हणून पुन्हा युद्धावर धाडली. ९९ माणसं जिथं गुदमरली त्याच पत्र्याच्या आत नवी माणसं झोपायला गेली. मार्च १९४३ मध्ये इटलीजवळ ती सगळ्या खलाशांसह बुडाली. लोखंड महाग होतं, एवढंच आम्ही म्हणू.

ह्या पाणबुड्यांत माणसं राहायची कशी? भूमध्य समुद्रात लढणाऱ्या ब्रिटिशांच्या लहान पाणबुड्या सुमारे ५८ मीटर लांब. म्हणजे पाचएक एसटी गाड्या एकामागं एक उभ्या केल्यावर होतील तेवढ्या. रुंदी पाच मीटरही नाही. त्यात इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो आणि तीसएक माणसं. दिवसभर पाण्याखाली बॅटरीवर चालायचं, रात्री अंधारात वर येऊन डिझेल इंजिन सुरू करायचं, बॅटऱ्या भरायच्या, ताजी हवा घ्यायची. मोबाइल चार्जिंगला लावतो तसंच, फक्त चार्जिंगला वर आलो आणि कोणी पाहिलं तर मरण. आंघोळ नाही, दाढी नाही, पाणी मोजून. एकजण पाळीवर गेला की त्याच्या अंथरुणात दुसरा झोपायचा, अंथरूण गार व्हायचंच नाही. कपड्यांना, पावाला, चहाला, सगळ्याला डिझेलचा वास. आणि बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो घशात गेला की संपलं. शत्रूचं जहाज वर घिरट्या घालायला लागलं की सगळी यंत्रं बंद करायची, कोणी चमचासुद्धा वाजवायचा नाही. तासन् तास.

ह्यांतला सर्वांत नावाजलेला कप्तान म्हणजे माल्कम वॉन्कलिन. आपल्या कलकत्त्यात १९११ साली जन्मलेला. माल्टा बेटावरून तो ‘अपहोल्डर’ पाणबुडी घेऊन निघायचा. मे १९४१ मध्ये त्यानं ‘कोंते रोसो’ हे इटलीचं जहाज बुडवलं. त्यावर सैनिक होते, १,३०० च्या आसपास माणसं बुडाली. त्याला शौर्यपदक मिळालं ते ह्याच कामगिरीसाठी. एका देशाचं पदक म्हणजे दुसऱ्या देशातल्या तेराशे घरांत रडारड. एप्रिल १९४२ मध्ये पंचविसाव्या सफरीवर गेलेली ‘अपहोल्डर’ परत आली नाही. नौदलानं ते जाहीर केलं ऑगस्टमध्ये. पाणबुडीवाल्यांच्या घरी अशीच बातमी जायची: परतायची तारीख उलटली आहे, बुडाली असं समजावं. प्रेत नाही, जागा नाही, दिवस कोणता तेही नक्की नाही. दिवसकार्य तरी कोणत्या तिथीला करायचं? त्या युद्धात ब्रिटिशांच्या सत्तरहून अधिक पाणबुड्या गेल्या, जवळजवळ तीनांतली एक. माणसं तीन हजारांवर.

एकजण मात्र वर आला.

६ डिसेंबर १९४१ च्या रात्री ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ ‘पर्सियस’ ही पाणबुडी सुरुंगावर आदळली आणि ५२ मीटर खाली तळाला जाऊन बसली. आत ६१ माणसं. जॉन केप्स नावाचा इंजिनावरचा कामगार मागच्या भागात पडून होता. तो तर त्या पाणबुडीचा नेहमीचा माणूसही नव्हता, अलेक्झांड्रियाला जायचं म्हणून बसला होता. दिवे गेले, पाणी चढत होतं. चाचपडत त्याला तीन जखमी सोबती जिवंत सापडले. त्यांना श्वासाच्या पिशव्या बांधल्या, दार उघडण्याइतका दाब व्हावा म्हणून उरलेल्या जागेत पाणी भरू दिलं, रमचा एक घोट घेतला आणि एकेकाला वर ढकललं. शेवटी स्वतः निघाला. पाण्यावर आला तेव्हा तो एकटाच होता. डिसेंबरच्या थंड पाण्यात अंधारात पोहत पोहत तो किनाऱ्याला लागला आणि तिथंच बेशुद्ध पडला.

सकाळी बेटावरच्या माणसांना तो सापडला. बेट तेव्हा इटलीच्या फौजेच्या ताब्यात. ब्रिटिशाला थारा दिला तर गोळी. शेतकऱ्या-कोळ्यांचं गरीब बेट, त्यांच्याच घरात खायची मारामार. तरीही त्यांनी त्याला दीड वर्ष लपवलं. ह्या घरातून त्या घरात, ह्या गावातून त्या गावात, केस काळे रंगवून. एकानंही तोंड उघडलं नाही. मे १९४३ मध्ये त्याला मच्छीमारी होडीतून तुर्कस्तानला पोचवलं.

युद्धाची पुस्तकं केप्सच्या पोहण्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. आम्हाला कौतुक आहे ते त्या दीड वर्षाचं. परका माणूस घरात लपवायचा म्हणजे काय, हे चूल सांभाळणाऱ्या बाईला विचारा. एक भाकरी रोज जास्त लागते, शेजारीण विचारते पीठ एवढं कसं संपलं, पोरं शाळेत काही बोलून बसतील ही धास्ती. साताऱ्याकडच्या जुन्या बायकांना हे सांगायला नको. बेचाळीसच्या चळवळीत पत्री सरकारची भूमिगत माणसं ज्या घरांत जेवली, त्या घरांतही असंच चाललं होतं. तेही त्याच वर्षांत.

केप्सची गोष्ट मायदेशी अनेकांना थाप वाटली. त्याचं नाव पाणबुडीच्या यादीत नव्हतं, बाकी साक्षीदार एकही नाही. १९८५ मध्ये तो वारला. पुढं बारा वर्षांनी ग्रीक पाणबुडे तळाशी गेले. त्यांनी पाहिलं तर मागचं झाकण उघडं होतं, त्यानं सांगितलं होतं तसंच. आणि त्याची रमची बाटलीही तिथंच होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पाणबुडीत बसणाऱ्यांचं दुःख सांगितलं, पण पाणबुडीनं बुडवलेल्यांचं त्याहून कितीतरी मोठं आहे, आणि त्यात आपली माणसं आहेत. त्या काळात ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांमागं जवळपास एक हिंदी माणूस होता. रत्नागिरीकडचे, गोव्याचे, गुजरातचे, सिल्हेटचे. कोकणात ‘बोटीवर आहे’ म्हटलं की पुढं काही विचारायची गरज नव्हती. खाली भट्टीत कोळसा ओढायचा, इंजिनाला तेल घालायचं, नाहीतर स्वयंपाकघरात. टॉर्पेडो लागायचा तो पाण्याखालच्या भागाला, म्हणजे भट्टीवाले पहिले. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ह्या खलाशांनी कितीतरी बंदरांत काम बंद ठेवलं, काहीजण तुरुंगात गेले, तेव्हा कुठं पगार थोडे वाढले. हा आपल्या कामगारांचा मोठा लढा, पण शाळेच्या पुस्तकात एका ओळीनं तरी भेटतो का, बघा.

‘तिलावा’ ही प्रवासी बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघाली. साडेनऊशेच्या वर माणसं होती, त्यांत बायका आणि मुलंही. आफ्रिकेत दुकानं, नोकऱ्या असणारी कुटुंबं. तळघरात ६० टन चांदी होती. २३ तारखेच्या रात्री, सगळे झोपेत असताना, जपानच्या ‘आय-२९’ ह्या पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. थोड्या वेळानं दुसरा मारला. २८० जण गेले. वाचलेले होड्यांत आणि तराफ्यांवर दोन दिवस वाहत होते. मग ‘बर्मिंगहॅम’ ह्या ब्रिटिश युद्धनौकेला ते दिसले. २७ नोव्हेंबरला वाचलेली माणसं मुंबईच्या धक्क्यावर उतरली. निघाल्यापासून बरोबर आठवडा झाला होता.

चांदीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. २०१७ मध्ये एका कंपनीनं ती समुद्राच्या तळातून वर काढली आणि ती कोणाची यावर लंडनच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला चालला. बुडालेल्या माणसांची पहिली सार्वजनिक आठवण मुंबईत झाली ती २०२२ साली, ऐंशी वर्षांनी.

आता आणखी एक धागा जोडतो. हीच ‘आय-२९’ पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ एका जर्मन पाणबुडीला भेटली. खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून दोन माणसं एका पाणबुडीतून दुसरीत गेली. एक आबिद हसन आणि दुसरे नेताजी सुभाषचंद्र बोस. फेब्रुवारीत जर्मनीच्या कील बंदरातून निघालेले नेताजी मे महिन्याच्या सुरुवातीला सुमात्राजवळच्या बेटावर उतरले आणि पुढचा आझाद हिंदचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. आणि त्याच वर्षी ब्रिटिशांच्या पाणबुड्या लंकेच्या त्रिंकोमाली बंदरातून निघून मलाक्काच्या समुद्रात जपानी पाणबुड्यांची शिकार करत होत्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘टॉरस’नं पेनांगजवळ ‘आय-३४’ बुडवली. नेताजींची पाणबुडी त्या वेळी कोणाच्या दुर्बिणीत सापडली असती तर? ज्या पाणबुडीनं मुंबईच्या बायकामुलांना बुडवलं, तिनंच नेताजींना सुखरूप नेलं. आम्ही ह्यावर आपसात पुष्कळ बोललो. एकमत झालं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या आरमाराकडे एकही पाणबुडी नव्हती. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि नौदलप्रमुख होते भास्करराव सोमण. म्हणजे दोघंही मराठी. पाणबुडी मागायची तर आधी ब्रिटनकडे, कारण आपल्या नौदलाच्या सगळ्या सवयी तिथल्या, जहाजं तिथली. आपले सुरुवातीचे काही अधिकारीही पाणबुडीचं काम तिथंच शिकून आले होते. १९६४ मध्ये यशवंतराव बोलणी करायला गेले. मुंबईच्या माझगाव गोदीत युद्धनौका बांधायला ब्रिटननं कर्ज दिलं, पण पाणबुडी हप्त्यानं द्यायची त्यांची तयारी नव्हती. रोख टाकायला आपल्याकडे परकीय चलन नव्हतं. मग यशवंतरावांनी रशियाशी सूत जमवलं. सप्टेंबर १९६५ मध्ये चार पाणबुड्यांचा करार झाला. सावकार नडला की दुसरा बघायचा, हे आपल्याला घरोघर माहीत आहे. पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. दुसरीचं नाव ठेवलं ‘खांदेरी’. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकासमोर, त्यांच्या तोफांना न जुमानता, ज्या बेटावर किल्ला उभा केला, त्या खांदेरीचं नाव. ब्रिटननं पाणबुडी न दिल्यावर हे नाव ठेवताना कोणाला तरी मनात हसू आलं असेल, असं आम्हाला उगाच वाटतं.

चारच वर्षांत, १९७१ च्या युद्धात, पाणबुडीचं मरण आपल्या दारात आलं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली, ९३ माणसांसह. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’नं दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. ‘खुकरी’ बांधलेली ब्रिटनमध्ये, ‘गाझी’ अमेरिकेत, ‘हंगोर’ फ्रान्समध्ये. माणसं मात्र तिन्हींवर आपल्याच उपखंडातली.

पुण्यात राहणाऱ्यांना समुद्र दूर वाटतो, पण तितका तो दूर नाही. लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’ आहे, तिथं १९४५ पासून नौदलाचे इंजिनावरचे कारागीर घडतात. इथं खडकीला युद्धसमाधींची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथं रांगेनं आहेत, हिरवळ राखलेली, प्रत्येक दगडावर नाव. ज्यांना कबर मिळाली त्यांची ती जागा.

आपल्या बोटीवरच्या खलाशांना कबर नाही. त्यांच्यासाठी दगडाऐवजी एक वही आहे. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, त्याला इंडियन सेलर्स होम म्हणतात. तिथं दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांच्या आणि नौसैनिकांच्या नावांची नोंदवही ठेवलेली आहे. तशीच दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला आहे. हीच नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत इंटरनेटवरही आहेत, बघायला पैसे पडत नाहीत. मात्र नावं इंग्रजांनी ऐकली तशी लिहिलेली, त्यामुळे एकच नाव दोनतीन तऱ्हेनं शोधावं लागतं.

तुमच्या गावात, माहेरी, आजोळी कोणी आजोबा, पणजोबा ‘बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ असं सांगितलं जात असेल, तर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि आठवत असेल तर बोटीचं नाव एका कागदावर लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्या गटात संगणक चालवणारी मुलगी आहे तिला सोबत बसवा. आम्हीही यादी उघडून बसू.